ताण चढताना कळावा म्हणून: रोजच्या ध्यानाचा व्यवहारी सराव

रात्री पावणेदहाला जेवताना फोन वाजतो. साहेबांचा मेसेज: "उद्या सकाळी बोलू." एवढंच. पण घास तोंडात असतानाच पोटात गोळा येतो, खांदे कानांकडे ओढले जातात, दात आवळले जातात आणि डोकं उद्याच्या मीटिंगमध्ये जाऊन बसतं. शेजारी मुलगी शाळेच्या सहलीबद्दल काहीतरी विचारत असते. दोनदा विचारलेलं ऐकूच येत नाही आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर तिच्यावर आवाज चढतो.

ध्यानाच्या सरावाने असे मेसेज यायचे थांबत नाहीत. पोटात गोळा यायचाही बहुतेक वेळा थांबत नाही. फरक पडतो तो पुढे. गोळा आला की तो आल्या आल्या लक्षात येतो आणि आवाज चढायच्या आधी चार-पाच सेकंद हाताशी लागतात. हा सगळा खटाटोप त्या चार-पाच सेकंदांसाठी. निर्विचार अवस्था किंवा दिव्य अनुभव यांच्या आशेने जी माणसं बसतात ती लवकर कंटाळतात, कारण पहिल्या आठवड्यात दिसतं ते फक्त आपलं मन किती भटकतं ते.

अपेक्षा किती ठेवावी, यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली एक अभ्यासक्रम सुरू केला. जुनाट दुखण्यांच्या रुग्णांना औषधोपचारासोबत श्वासाचं भान, शरीरभर लक्ष फिरवणं आणि सोपी योगासनं शिकवायची, असं त्याचं स्वरूप होतं. पुढे अशा कार्यक्रमांवर शेकडो चाचण्या झाल्या. २०१४ साली त्यांतल्या ४७ चाचण्यांचा, म्हणजे सुमारे साडेतीन हजार लोकांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, उदासी आणि वेदना यांत थोड्या ते मध्यम प्रमाणात उतार दिसला. पण व्यायाम, औषधं किंवा इतर मानसोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरतं, असा पुरावा काही मिळाला नाही. तेव्हा रोज संध्याकाळी चालायला जात असाल, तर ते बंद करून ध्यानाला बसू नका. दोन्ही करा.

जागा, वेळ आणि बैठक

सकाळी तोंड धुतल्यावर, चहाच्या आणि फोनच्या आधी, ही सर्वांत सोयीची वेळ. फोन एकदा हातात आला की मेसेज वाचून मन कामाला लागतं आणि मग बसणं दुप्पट अवघड होतं. सकाळ जमत नसेल तर ऑफिसमधून आल्यावर हातपाय धुऊन, जेवणाआधी बसा. पोटभर जेवून बसलात तर डुलकी ठरलेली. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या.

वन-रूम-किचनमध्ये स्वतंत्र कोपरा कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. पलंगाची कड, बाल्कनीतली खुर्ची, गच्चीचा जिना, पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी, यांतलं काहीही चालतं. शांतता मिळेपर्यंत थांबायचं नाही. कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारचा टीव्ही हे आवाज असणारच. ऐकू आले की "आवाज" अशी मनात नोंद घ्यायची आणि परत यायचं. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा की दहा मिनिटं हाक मारू नका. ते न सांगता बसलं की कान दाराकडेच लागून राहतात.

मांडी घालून बसायचं असेल तर जमिनीवर नुसती चटई पुरत नाही. कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहायला हवी, नाहीतर पाठीला पोक येतो आणि दहाव्या मिनिटाला कंबर बोलू लागते. घट्ट उशी किंवा घडी केलेलं ब्लँकेट बैठकीखाली घ्या. साधारण १० ते १५ सेंटिमीटर उंची पुरे. फक्त उशीच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे गुडघे आपोआप खाली टेकतात. गुडघे हवेत राहत असतील तर त्यांच्याखालीही चादरीची घडी सारा. गुडघेदुखी असेल तर खुर्चीच बरी: तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठ खुर्चीच्या पाठीपासून जराशी सुटी, हात मांडीवर. खुर्चीवर बसून केलेलं ध्यान दुय्यम नसतं. पद्मासनाच्या हट्टापायी गुडघा दुखवून घेणारे बरेच असतात.

फोन फ्लाइट मोडवर टाकून टायमर लावा. आवाज मंद घंटीचा ठेवा. रोजचा अलार्मचा आवाज लावला तर शेवटची दोन मिनिटं तो वाजण्याची वाट बघण्यातच जातात.

पहिली दहा मिनिटं

इथे दिलेली पद्धत आनापानाची आहे, म्हणजे नैसर्गिक श्वासावर लक्ष ठेवण्याची. विपश्यनेच्या शिबिरात पहिले तीन दिवस हीच करतात, फक्त तिथे अंक मोजत नाहीत. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत 'मित्र उपक्रमा'त मुलंही हीच करतात.

१. बसल्यावर पहिलं अर्धं मिनिट शरीर तपासा. कपाळाला आठी आहे का, दात एकमेकांवर दाबले आहेत का, खांदे वर आहेत का, पोट आत ओढलेलं आहे का? जिथे आवळलेलं असेल तिथे सैल सोडा. पोट सैल सोडणं बहुतेकांना सर्वांत जड जातं. सुटलेलं दिसू नये म्हणून आपण ते दिवसभर आत ओढून धरलेलं असतं.

२. डोळे मिटा. तीन श्वास जरा मोठे घ्या आणि सोडा. त्यानंतर श्वासाला हात लावायचा नाही. तो लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड.

३. नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वर जी छोटीशी जागा आहे, तिथे लक्ष ठेवा. आत येणारी हवा किंचित गार लागते, बाहेर जाणारी किंचित ऊबदार. श्वास डाव्या नाकपुडीतून जास्त येतोय की उजव्या, तेही कळू लागेल. काहीच जाणवत नसेल तर एक-दोन श्वास मुद्दाम जोराने घ्या, जागा सापडते.

४. श्वास सोडताना मनात अंक म्हणा: एक, दोन, असं दहापर्यंत. मग पुन्हा एकपासून. मधेच गाडी भाजीच्या यादीकडे वळली आणि अंक हरवला, तर एकवर या. सतरा-अठरापर्यंत मोजत गेलात, तर तेही भटकणंच आहे. तेव्हाही एकवर या.

५. घंटी वाजली की लगेच उठू नका. डोळे उघडा, खोलीतल्या तीन गोष्टी बघा, बोटं हलवा, मग उठा.

चौथ्या पायरीत खरा व्यायाम आहे. मन भटकलं हे ज्या क्षणी कळतं आणि तुम्ही चिडचिड न करता परत येता, तो क्षण म्हणजे जिममधली एक उचल. दहा मिनिटांत तीस वेळा परत आलात तर तीस उचली झाल्या. "आज नुसतं भटकत होतं, काही जमलंच नाही" असं वाटणारा दिवस वाया गेलेला नसतो. मेसेज आल्यावर पोटातला गोळा वेळेवर कळतो तो याच सवयीमुळे, कारण तिथेही भटकलेलं मन पकडून आणायचंच काम असतं.

बिनसतं कुठे

पहिली तक्रार बहुधा डोकेदुखीची असते. बंद पापण्यांआड बुबुळं नाकाच्या शेंड्याकडे वळून राहतात आणि भुवयांमध्ये ताण येतो. लक्ष नाकावर ठेवायचं म्हणजे तिथे डोळ्यांनी बघायचं नाही, फक्त स्पर्श जाणवू द्यायचा. मिटलेल्या डोळ्यांनीच समोर दूरवर बघत असल्यासारखी नजर सैल सोडा, दुखणं जातं.

दुसरी तक्रार अशी की लक्ष दिलं की श्वास नैसर्गिक राहतच नाही, आपण तो चालवायला लागतो. असं सगळ्यांचंच होतं. उपाय म्हणजे सोडलेल्या श्वासाच्या शेवटी जी छोटी विश्रांती असते, तिच्याकडे बघायचं. पुढचा श्वास तुम्ही घेत नाही, तो आपला येतो. दोन-तीनदा हे दिसलं की चालवणं कमी होतं.

झोप येते त्याची कारणं साधी असतात: रात्रीची झोप अपुरी, पोट भरलेलं, पाठ टेकलेली किंवा खोली अंधारी. डोळे अर्धे उघडे ठेवून समोरच्या फरशीवर तीन-चार फुटांवर नजर टेकवा. तरी पेंग येत असेल तर उभं राहून करा. रोजच झोप लागत असेल, तर तुम्हाला ध्यानापेक्षा झोपेची गरज जास्त आहे. आधी ती भागवा.

पायाला मुंग्या येणं हे बहुतेक वेळा नस दाबली गेल्याचं लक्षण असतं. घाबरू नका, पण तसंच दामटून बसूही नका. पाय सोडा आणि संवेदना पूर्ण परत येईपर्यंत उभे राहू नका. बधिर पायावर उभं राहून घोटा मुरगळणं फार सोपं आहे. खाज किंवा डास यांचं वेगळं: दहा सेकंद ती खाज नुसती बघा, कमी-जास्त होते का ते पाहा, मग ठरवून खाजवा. आपोआप हात जाणं आणि ठरवून हात नेणं यांत जो फरक आहे, तोच दिवसभर कामाला येतो.

नाक चोंदलं असेल तर नाकाचा हट्ट सोडा. तळहात बेंबीवर ठेवून पोटाचं वर-खाली होणं बघा.

चार-सहाचा श्वास

आनापानात श्वास बदलायचा नसतो. पण ताण चढलेलाच असेल, छातीत धडधडत असेल, तर आधी शरीराला खाली आणावं लागतं. त्यासाठी श्वास मुद्दाम मंद करायचा. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. मधे रोखायचा नाही. एक आकडा साधारण एक सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे १२ ते २० होतात. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते. सोडणं लांबवलं की हा उतार जास्त वेळ मिळतो. तीन ते पाच मिनिटं पुरे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे छाती फुगवून मोठमोठे श्वास घेणं. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मग डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा नको, मंद हवा. शेजारी बसलेल्याला ऐकू येत असेल तर तो जास्त होतोय. चार-सहा जड वाटलं तर तीन-चारवर या. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. दम्याच्या त्रासात तर अजिबात ओढाताण नको.

दिवसाच्या खुंट्या

सकाळची दहा मिनिटं दुपारी तीनला आपोआप आठवत नाहीत. म्हणून दिवसात ज्या गोष्टी तशाही होणारच आहेत, त्यांतल्या तीन निवडून त्यांना सराव टांगून ठेवायचा. लिफ्टची वाट बघणं, कुकर लावल्यानंतरचं पहिलं मिनिट, लॅपटॉप उघडून तो सुरू होईपर्यंतचा वेळ, हात धुणं. तीनच निवडा. दहा निवडल्या की एकही राहत नाही. प्रत्येक वेळी करायचं इतकंच: तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या, खांदे खाली सोडा, एक श्वास लांब सोडा. एकूण पंधरा सेकंद.

मुंबईच्या लोकलमध्ये स्टेशनांचाच उपयोग होतो. दादरहून कुर्ल्याला धिम्या गाडीने जाताना मधे माटुंगा आणि शीव लागतात. गाडी थांबली की एकदा जबडा आणि खांदे तपासायचे. दारात उभे असाल तर डोळे मात्र उघडे, आणि बॅगेचं भानही सोडायचं नाही. दुचाकी चालवताना श्वास मोजणं वगैरे नकोच. तिथे रस्ता हेच ध्यान. सिग्नलला थांबल्यावर हँडलवरची मूठ किती घट्ट आवळली आहे, एवढं बघायला हरकत नाही.

भांडी घासणं हा बसायला वेळ न मिळणाऱ्यांसाठी उत्तम सराव आहे, आणि घरात ज्यांना बसायला वेळ मिळत नाही त्या बहुधा बायकाच असतात. पाण्याचा गारवा, साबणाचा बुळबुळीतपणा, काथ्याचा खरखरीतपणा, ताट उपडं ठेवल्याचा आवाज यांवर लक्ष. मन उद्याच्या डब्याकडे गेलं की हातातल्या भांड्यावर परत. (अर्थात, भांडी रोज एकटीनेच का घासायची, हा प्रश्न ध्यानाने सुटत नाही. तो घरात बोलूनच सोडवावा लागतो.)

आणि साहेबांचा मेसेज? फोन उपडा ठेवा. तळपाय जाणवू द्या. तीन श्वास, सोडणं लांब. मग जे चाललंय त्याला मनात नाव द्या: "भीती आहे", "राग आहे". "मी घाबरलोय" म्हणण्यापेक्षा "भीती आहे" असं म्हटलं की थोडं अंतर पडतं. शरीरात ती नेमकी कुठे आहे ते पाहा. मग ठरवा: आत्ता उत्तर द्यायचं आहे का? बहुतेक वेळा नसतं. उत्तर द्यायचंच असेल तर "हो, दहाला येतो" एवढं लिहून ताटाकडे वळता येतं.

झोपण्याआधी शरीरभर फेरी

अंथरुणावर उताणे पडा. पाय थोडे फाकलेले, तळहात वर, हवी तर गुडघ्यांखाली उशी. डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करा: बोटं, तळवा, टाच, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. मग उजवा पाय, ओटीपोट, कंबर, पाठ, पोट, छाती, दोन्ही हात बोटांपासून खांद्यापर्यंत, मान, चेहरा. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन श्वास थांबा आणि जे असेल ते जाणवू द्या: ऊब, दाब, ठणका किंवा काहीच नाही. "काहीच नाही" हीसुद्धा नोंदच. पूर्ण फेरीला वीसेक मिनिटं लागतात. पोटरीपर्यंत येऊन झोप लागली तर रात्री ते चांगलंच. पण हीच फेरी सराव म्हणून करायची तर दुपारी किंवा संध्याकाळी करा.

डोक्यात उद्याच्या कामांची रांग लागलेली असेल तर आधी कागदावर लिहून काढा, मग आडवे व्हा. गॅस सिलिंडरचा नंबर लावायचा राहिलाय हे श्वास मोजून विसरता येत नाही.

कधी थांबायचं

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढते, विशेषतः पॅनिकचे झटके येऊन गेलेल्यांना. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि तळपाय, हातातल्या गार पेल्याचा स्पर्श किंवा खोलीतले आवाज यांवर लक्ष ठेवावं, डोळे उघडे ठेवून. जुना मानसिक आघात असलेल्यांना शांत बसल्यावर नको त्या आठवणी उसळून येऊ शकतात. अशा वेळी नेटाने बसून राहण्यात काहीही शौर्य नाही. उठा, चाला, माणसांत जा. सलग दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. चालू असलेली औषधं ध्यान सुरू केलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

आणखी एक. थकलेला पगार, साहेबांची शिवीगाळ, दोन माणसांचं काम एकावर, यांतून येणारा ताण हा तुमच्या मनाचा दोष नाही. ध्यानाने डोकं थंड झालं तर ते तक्रार नीट लिहिण्यासाठी वापरा, सोसत राहण्यासाठी नव्हे.

वाढवायचं कसं

पहिला आठवडा रोज दहा मिनिटं, बाकी काही नाही. दुसऱ्या आठवड्यात तीन खुंट्या जोडा. तिसऱ्यात बैठक पंधरा मिनिटांवर न्या आणि आठवड्यातून दोनदा शरीरभर फेरी करा. चौथ्यापासून वीस मिनिटं. बऱ्याच नोकरदार माणसांना वीस मिनिटं टिकतात, चाळीस टिकत नाहीत, तेव्हा लगेच पुढे धावू नका. कॅलेंडरवर बसलेल्या दिवसाला फुली मारा. बैठक चांगली झाली की वाईट, ते लिहू नका. गुण द्यायला लागलात की दुसऱ्या दिवशी कालच्या गुणांची बरोबरी करायला बसता.

चार-सहा महिने असं चाललं आणि खोलात जावंसं वाटलं, तर दहा दिवसांच्या शिबिराचा विचार करता येईल. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून शिबिरं घेतं. फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर केंद्र चालतं. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास बैठक, फोन जमा आणि जवळजवळ पूर्ण वेळ मौन. तिथे सुट्टी घालवायला जाण्यात अर्थ नाही, ते कष्टाचं काम आहे. गंभीर मानसिक आजार असेल तर अर्जात तो लपवू नका. दहा मिनिटंही कधी न बसलेल्या माणसाने थेट तिथे जावं असं आमचं मत नाही, जरी नवख्यांना प्रवेश असला तरी.

सराव तुटतो तो बहुधा गणपतीत, लग्नसराईत किंवा घरात आजारपण आलं की. अशा वेळी वीस मिनिटांच्या जागी तीन मिनिटं बसा. तेही सुटून आठ-दहा दिवस गेले, तर वीसवरून पुन्हा सुरू करू नका. दहावर या, आठवडाभर तिथेच राहा आणि मग वाढवा.